शिवनाथ ते चिलिका : डॉल्फिन-दर्शनाच्या नौकांचा पूर्वेतिहास

भिलाई हे शहर सर्वांत जवळच्या समुद्रापासूनही चारशे किलोमीटरांहून अधिक दूर, छत्तीसगडच्या भातशेतीच्या सपाट मुलखात वसलेले असल्यामुळे, डॉल्फिन पाहण्यासाठी निघणाऱ्या नौकांच्या इतिहासात त्याचे नाव यावे हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु पाण्याच्या वाटेने पाहिले असता ही विसंगती उरत नाही. भिलाईलगतच्या दुर्ग शहराला स्पर्शून जाणारी शिवनाथ ही महानदीची सर्वांत लांब उपनदी असून, महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या डोंगराळ भागातून येऊन ती ईशान्येकडे वाहत जाते आणि शिवरीनारायणच्या परिसरात महानदीला मिळते. पुढे हिराकुडच्या जलाशयातून उतरून हे पाणी कटकजवळ नराज येथे पोहोचते, तेथे महानदीला फाटे फुटतात, आणि काठजोडी, कुआखाई व त्यांतून निघालेल्या दया आणि भार्गवी या शाखांच्या द्वारे त्याचा काही अंश अखेर चिलिका सरोवरात उतरतो. भिलाईकराने डॉल्फिन पाहावयाचा म्हटल्यास सहज आवाक्यातले जे ठिकाण आहे, ते हेच सरोवर होय. आणि तेथील डॉल्फिन ज्या निमखाऱ्या पाण्यात जगतो, त्यातील गोडेपणाचा एक वाटा शिवनाथेच्या खोऱ्यातून गेलेला असतो.

चिलिका हे भूगोलाच्या परिभाषेत खाजण सरोवर आहे. म्हणजे समुद्राच्या लाटांनी व प्रवाहांनी किनाऱ्याला समांतर रचलेल्या वाळूच्या दांड्यामुळे सागरापासून अलग झालेला, पण एखाद्या अरुंद मुखाने त्याच्याशी जोडलेला उथळ जलविस्तार. उन्हाळ्यात सुमारे ९०६ चौरस किलोमीटर आणि पावसाळ्यात सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर असे त्याचे क्षेत्र ऋतूप्रमाणे आकुंचन आणि प्रसरण पावते, आणि बहुतेक ठिकाणी त्याची खोली माणसाच्या उंचीच्या आसपासच असते. ईशान्येच्या अंगाने नद्यांचे गोडे पाणी येते, आग्नेयेच्या मुखातून भरतीबरोबर खारे पाणी शिरते, आणि या दोहोंच्या मिश्रणाचे प्रमाण महिन्यागणिक पालटत राहते. सरोवरातील मासे, कोळंबी, खेकडे, पाणवनस्पती आणि हिवाळी पक्षी यांचे सर्व जीवन या प्रमाणाशी बांधलेले आहे. येथील डॉल्फिनही त्याला अपवाद नाही.

हा डॉल्फिन म्हणजे इरावडी डॉल्फिन. देवमाशांच्या गणातला हा सस्तन प्राणी असून तो हवेतच श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो आणि लांबीने साधारणतः दोन ते पावणेतीन मीटरांपर्यंत वाढतो. चित्रांतून परिचित असलेल्या डॉल्फिनला जशी लांब चोच असते तशी याला नसते. कपाळ गोल आणि फुगीर, रंग करडा, आणि पाठीवरचा पर लहानसा, त्रिकोणी व टोकाला बोथट. तो उड्या मारून प्रेक्षकांना खूश करणारा प्राणी नाही. पाण्यावर आधी गोल कपाळ दिसते, श्वास सोडल्याचा फुस्स असा आवाज येतो, मग पाठीची कमान आणि छोटा पर सरकतो, आणि सर्व काही दोन-तीन क्षणांत संपते. म्हणूनच या प्राण्याच्या दर्शनाचा व्यवसाय पूर्णपणे नाविकाच्या नजरेवर आणि पाण्याच्या ज्ञानावर उभा राहिला. हे ज्ञान पर्यटनाच्या कितीतरी पिढ्या आधीपासून मासेमारांपाशी होते.

नागपूर आणि छत्तीसगड यांचा चिलिकेशी जुना संबंध जोडला तो डॉल्फिनने नव्हे, तर मिठाने आणि राज्यसत्तेने. १७४१ साली भास्करराम कोल्हटकर याच्या नेतृत्वाखालील नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने रतनपूर घेतले आणि छत्तीसगड भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले. १७५१ साली बंगालचा नबाब अलीवर्दी खान याच्याशी झालेल्या तहानंतर ओडिशाचा किनारी प्रदेशही त्यांच्या हाती गेला. पुढील अर्धशतकभर नागपूर, छत्तीसगड, संबळपूर आणि कटक यांना जोडणारी वाट एकाच घराण्याच्या अमलाखालील मुलखांतून जात होती, आणि या वाटेने जगन्नाथपुरीचे यात्रेकरू, फौजा, खंडणीचा पैसा व बंजाऱ्यांचे मीठ वाहणारे बैलांचे तांडे ये-जा करीत. बंजारे ही मालवाहतुकीवर जगणारी फिरस्ती जमात. ओडिशाच्या किनाऱ्यावरचे मीठ पश्चिमेकडील अंतर्भागात पोहोचवणे आणि परतताना तेथील धान्य वा कापूस आणणे हा त्यांचा मोठा उद्योग होता. डॅनियल रॉबिन्सन लेकी या इंग्रजाने १७९० साली कटकहून नागपूरपर्यंत केलेल्या प्रवासाचा वृत्तान्त उपलब्ध असून, त्याच्या मार्गात बोरासांबर आणि डोंगरगड ही ठिकाणे येतात. यांपैकी डोंगरगड आजच्या भिलाईच्या पश्चिमेस, त्याच लोहमार्गावर आहे. भिलाई हे तेव्हा नोंद घ्यावी असे स्थळ नव्हते, पण ज्या मुलखात ते पुढे उभे राहिले तो किनाऱ्याच्या मिठाच्या वाटेवर होता, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

चिलिकेचा बाह्य काठ, म्हणजे सरोवर आणि समुद्र यांमधील वाळूची लांब पट्टी आणि तिच्या आतली पारिकुद, मालूद ही बेटे, मिठागरांसाठी प्रसिद्ध होती. हाच काठ भोसल्यांच्या ओडिशातील सत्तेच्या अंताचाही साक्षीदार ठरला. सप्टेंबर १८०३ मध्ये कर्नल हारकोर्ट याच्या हाताखालील ईस्ट इंडिया कंपनीची फौज गंजामहून निघून या वाळूच्या पट्टीने माणिकपाटण्यापर्यंत आली. तेथे सरोवराचे मुख ओलांडल्याखेरीज पुरीकडे जाणे शक्य नव्हते, आणि ती अडचण मालूदचा फौजदार फतेह महंमद याच्या साहाय्याने दूर झाली, ज्याबद्दल त्याला पुढे जहागीर मिळाली. १८ सप्टेंबरला पुरी आणि १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबती किल्ला इंग्रजांकडे गेला, आणि १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने रघुजी भोसले दुसरे यांनी कटक प्रांत सोडला. या सबंध प्रसंगात निर्णायक ठरली ती एक साधी गोष्ट : चिलिकेच्या मुखावर नाव कोणाची आणि पाण्याची वाट कोणाला ठाऊक. सातपडा हे आजचे डॉल्फिन-दर्शनाचे मुख्य गाव त्याच मुखाजवळच्या भागात आहे. ओडिशातील मराठी अमलाचे स्मरण पुरीच्या मंदिरापुढे कोणार्कहून आणून उभारलेल्या अरुणस्तंभाने होते, पण चिलिकेच्या काठी त्याची अशी कोणतीही ठळक खूण नाही, आणि कदाचित त्यामुळेच मराठी इतिहासलेखनात या सरोवराला मिळावयास हवी होती तेवढी जागा मिळाली नाही.

डॉल्फिनची शास्त्रीय ओळख यानंतर अर्ध्या शतकाने झाली. १८५२ साली विशाखापट्टणमच्या बंदरात सापडलेल्या एका प्राण्याचे अवशेष वॉल्टर इलियट या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने मिळवले, आणि त्यांवरून रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने १८६६ साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे ब्रह्मदेशातील नदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्राण्याचा पहिला शास्त्रमान्य नमुना भारताच्या पूर्व किनाऱ्यावरचा, चिलिकेपासून फारसा दूर नसलेल्या ठिकाणचा होता. चिलिकेतील त्याच्या वास्तव्याची नोंद नेल्सन ॲनंडेल यांच्या कामात येते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे हे प्राणिशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी स्टॅन्ली केम्प यांनी १९१४ पासून चिलिकेच्या जीवसृष्टीचे पद्धतशीर सर्वेक्षण केले, ज्याचे निष्कर्ष म्युझियमच्या ग्रंथमालेतून १९१५ पासून प्रकाशित होऊ लागले. १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली तेव्हा तिची धुरा ॲनंडेल यांच्याकडेच आली. एखाद्या भारतीय खाजणाचा इतक्या बारकाईने झालेला हा आरंभीचा अभ्यास असून, सरोवराचा खारेपणा ऋतूप्रमाणे कसा पालटतो आणि त्याबरोबर प्राणी कसे स्थलांतर करतात हे त्यात प्रथमच सविस्तर मांडले गेले.

मासेमारांना मात्र डॉल्फिनची ओळख करून घेण्याची गरज नव्हती. केउट, कंडरा, तिअर आणि नोलिया या चिलिकेच्या परंपरागत मासेमार जाती असून, कोणत्या जातीने कोणत्या भागात, कोणत्या साधनाने मासे धरावेत याचे संकेत फार जुने होते. बांबूच्या कामट्यांचे कुंपण पाण्यात उभे करून माशांना हळूहळू कोंडीत आणणारी ‘जानो’ ही पद्धत, मोकळ्या पाण्यात जाळे टाकण्याची ‘बाहनी’ आणि कोळंबीसाठीचा ‘खंडा’ नावाचा पेटीसारखा सापळा, ही त्यांपैकी काही. डॉल्फिन माशांचा थवा जाळ्याकडे हाकलतो अशी समजूत या मासेमारांत रूढ होती, आणि त्यामुळे त्याला मारणे हा येथे उद्योग कधीच बनला नाही. डॉल्फिन हा सहचर होता. तो दाखवून पैसे मिळतील ही कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

ती कल्पना जगातच नवी होती. देवमासे पाहण्यासाठी पैसे देऊन नावेने जाण्याचा प्रघात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे १९५५ साली सुरू झाला असे मानले जाते, जेव्हा किनाऱ्याजवळून जाणारे करडे देवमासे दाखवण्यासाठी एका मच्छीमाराने माणशी एक डॉलर आकारला. योगायोग असा की त्याच वर्षी, २ फेब्रुवारी १९५५ रोजी, भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला. दुर्ग जिल्हा १९०६ साली स्वतंत्र झालेला आणि १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग असल्यामुळे, तसेच बंगाल-नागपूर रेल्वेने हा मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूरशी जोडला गेल्यामुळे, विदर्भातील मराठी कुटुंबांना भिलाईची वाट परकी नव्हती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पुढील दोन दशकांत देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या कामगारांचे एक आखीव-रेखीव नगर येथे वसले.

या नगराबरोबर पगारी रजा, सहलीचा भत्ता आणि सहकुटुंब प्रवास या गोष्टीही आल्या. पुरीची यात्रा छत्तीसगडला जुनीच. १८९७ साली खुर्दा रोडहून पुरीपर्यंत लोहमार्ग पोहोचल्यावर आणि किनाऱ्याचा मुख्य लोहमार्ग चिलिकेच्या पश्चिम काठाने बाळुगाव, खल्लिकोट, रंभा असा गेल्यावर, पूर्वी आठवड्यांचा असलेला हा प्रवास एक-दोन दिवसांवर आला. दुर्ग आणि पुरी यांना जोडणारी गाडी आजही भिलाई-रायपूरच्या यात्रेकरूंना संबळपूरच्या बाजूने समुद्रापर्यंत नेते, म्हणजे भोसल्यांच्या काळातील वाटेच्या बऱ्याच जवळून. जगन्नाथाचे दर्शन, कोणार्क, आणि सवड असल्यास सुमारे पन्नास किलोमीटरांवरील सातपडा, असा क्रम या यात्रेत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रुळला, आणि धर्मयात्रेच्या शेवटी डॉल्फिन-दर्शन जोडले गेले. कोकणात तारकर्ली, दापोली किंवा गुहागर येथे जे घडले त्याहून हे वेगळे आहे. तेथे समुद्रस्नान आणि मासळीचे जेवण यांच्या ओढीने आलेल्या पर्यटकाला डॉल्फिन दाखवला जाऊ लागला, तर येथे देवदर्शनाला आलेल्याला.

सातपड्याच्या मासेमारांनी नावेत प्रवासी बसवण्यास का सुरुवात केली, याचे उत्तर पर्यटनाच्या वाढीत जितके आहे त्याहून अधिक सरोवराच्या दुरवस्थेत आहे. जमीनदारी गेल्यानंतर चिलिकेतील मासेमारीची क्षेत्रे सहकारी संस्थांच्या मार्फत परंपरागत मासेमारांना खंडाने मिळत असत; परंतु १९८० च्या दशकात निर्यातीच्या कोळंबीला भाव आला, आणि सरोवराच्या उथळ कडा बांध व जाळ्यांनी कोंडून तेथे कोळंबी वाढवण्याचा, म्हणजे ‘घेरी’ घालण्याचा, धंदा बाहेरच्या भांडवलाच्या जोरावर फोफावला. टाटा उद्योगसमूह आणि राज्य सरकार यांच्या संयुक्त कोळंबी प्रकल्पाविरुद्ध १९९०-९२ च्या सुमारास ‘चिलिका बचाओ’ आंदोलन झाले व प्रकल्प मागे घ्यावा लागला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिका आणि पुलिकत या सरोवरांच्या काठापासून हजार मीटरांच्या आतील कोळंबीशेतीस मनाई केली. तरीही घेऱ्या हटल्या नाहीत, आणि मे १९९९ अखेरीस सोरणा येथे झालेल्या पोलीस गोळीबारात मासेमार समाजातील चार जणांचा बळी गेला. चिलिकेच्या पर्यटनविषयक पुस्तिकांतून हा प्रसंग वगळला जातो. परंतु नावाड्यांच्या व्यवसायाचा कोणताही प्रामाणिक इतिहास त्याला टाळून लिहिता येणार नाही, कारण ज्या पाण्यावर त्यांच्या वाडवडिलांचा हक्क होता ते हातचे जाऊ लागले तेव्हाच नावेचा दुसरा उपयोग शोधणे त्यांना भाग पडले.

दुसरे संकट निसर्गाचे होते. नद्यांनी आणलेला गाळ आणि किनाऱ्याने सरकणारी वाळू यांमुळे सरोवराचे मुख अरुंद होऊन दूर सरकत गेले होते, आणि सरोवर ते समुद्र हा बाह्य प्रवाहमार्ग सुमारे तीस किलोमीटरांचा झाला होता. इतक्या लांबून भरतीचे पाणी पुरेसे आत येईना. खारेपणा घटला, गोड्या पाण्यातील तण माजले, समुद्रातून अंडी घालण्यासाठी वा वाढीसाठी ये-जा करणाऱ्या माशांची वाट अडली. १ ऑक्टोबर १९८१ रोजी आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर करारात नोंदले गेलेले हे सरोवर १९९३ साली त्याच कराराच्या माँत्रो नोंदवहीत गेले. या नोंदवहीत ज्यांचे नैसर्गिक स्वरूप बिघडत चालले आहे अशा स्थळांची नावे असतात. उपाय शोधण्यासाठी स्थापन झालेल्या चिलिका विकास प्राधिकरणाने अभ्यासान्ती सिपाकुदा येथे वाळूचा दांडा कापून नवे मुख काढण्याचे ठरवले.

२३ सप्टेंबर २००० रोजी हे मुख उघडले. सरोवर आणि समुद्र यांमधील जलमार्ग त्यामुळे अठरा किलोमीटरांनी कमी झाला, भरती-ओहोटीचा जोर पुन्हा आतपर्यंत जाणवू लागला, आणि परिणाम अपेक्षेहून लवकर दिसले. १९९९-२००० मध्ये दोन हजार टनांपेक्षाही खाली गेलेले मासळीचे वार्षिक उत्पादन २००१-०२ मध्ये अकरा हजार टनांच्या पुढे गेले. २००२ साली चिलिकेचे नाव माँत्रो नोंदवहीतून काढण्यात आले व प्राधिकरणाला रामसर पुरस्कार मिळाला. डॉल्फिनांच्या वार्षिक गणनेचा आरंभही याच काळातला. २००३ साली नव्वदच्या आसपास असलेला आकडा पुढील दशकात सुमारे दीडशेपर्यंत पोहोचला. एका दिवशी, एकाच वेळी, ठरवून दिलेल्या रेषांवरून अनेक नावा सोडून ही मोजणी केली जाते, आणि मोजणाऱ्यांच्या नावा चालवणारे पुष्कळसे हात त्याच मासेमार-नाविकांचे असतात.

सातपड्याची नाव ही या उथळ पाण्याने घडवलेली वस्तू आहे. तळ जवळजवळ सपाट, कारण कोठे गुडघाभर तर कोठे छातीभर पाणी. वर ऊन अडवण्यासाठी कापडाचे वा पत्र्याचे छप्पर. दोन्ही कडांना समोरासमोर बाके, ज्यांवर आठ-दहा माणसे बसतात. आणि मागे उघडे डिझेल इंजिन, ज्याला एक लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा जोडलेला असतो. हा दांडा नाविक हाताने वर उचलू शकतो, म्हणून वाळूचा उंचवटा किंवा जाळ्याचे खुंट आले तरी नाव अडत नाही. छोट्या गटाची ही सफर मोठ्या जहाजाऐवजी अशा नावेतूनच होते, याचे कारण रसिकतेत नसून सरोवराच्या खोलीत आहे. अनुभवी नाविक बाह्य प्रवाहमार्गात, विशेषतः मगरमुख या अरुंद भागाच्या आसपास, जेथे भरतीबरोबर मासे चढतात, तेथे इंजिन बंद करतो, बांबूने नाव स्थिर ठेवतो आणि वाट पाहतो. डॉल्फिन साधारणतः मिनिट-दोन मिनिटांत श्वासासाठी वर येतो, पण कोणत्या बाजूला ते त्याच्या मागील श्वासाच्या दिशेवरून ताडावे लागते. पाण्यावरून येणारा श्वासाचा आवाज नाविकाला प्रवाशांच्या आधी कळतो.

हे ज्याला जमते तो नाविक आणि ज्याला घाई आहे तो, यांतील फरक डॉल्फिनच्या जिवाशी जाऊन भिडतो. सुरुवातीस मोजक्याच असलेल्या नावा पुढे शेकड्यांनी झाल्या. हिवाळ्याच्या सुट्ट्यांत एकाच कळपाभोवती अनेक नावा गोळा होऊ लागल्या आणि प्रवाशाला दर्शन घडवलेच पाहिजे या दडपणाखाली पाठलाग होऊ लागला. चिलिकेत मृत आढळलेल्या डॉल्फिनांच्या बाबतीत दोन कारणे पुनःपुन्हा समोर आली आहेत : मासे कल्ल्यांत अडकवण्यासाठी उभी टाकलेली जाळी, ज्यांत गुरफटून त्याला श्वासासाठी वर येता येत नाही, आणि इंजिनाच्या पंख्याचा घाव. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे, आणि २०१७ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने जागतिक पातळीवर त्याला संकटग्रस्त ठरवले. नाविकांच्या संघटना, प्राधिकरण आणि अभ्यासक यांनी मिळून प्रशिक्षण दिले, अंतर राखणे, समोरून आडवे न जाणे, जवळ आल्यावर इंजिन बंद ठेवणे असे नियम घातले. हे नियम पाळणारा नाविक दर्शनाची हमी देऊ शकत नाही, आणि हमी मागणारा प्रवासी त्याला नियम मोडण्यास भाग पाडतो. म्हणून या व्यवसायाच्या दोषाचा निम्मा भार नावेत बसणाऱ्यावर आहे, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. सागरी सस्तन प्राण्यांना करमणुकीसाठी कोंडून ठेवणारी डॉल्फिनगृहे भारतात उभारू देऊ नयेत असा निर्णय केंद्र सरकारने मे २०१३ मध्ये घेतला. त्यामुळे डॉल्फिन पाहावयाचा तर त्याच्या पाण्यात, त्याच्या मर्जीने, हाच एक मार्ग उरला आहे आणि तो योग्यही आहे.

आता पुन्हा वरच्या खोऱ्याकडे वळणे आवश्यक आहे. तांदुला नदीवरील जलाशय १९२१ साली, मुख्यतः भातशेतीसाठी, पूर्ण झाला, आणि पुढे भिलाईच्या कारखान्याला पाणी पुरवण्याचे कामही त्याच्याकडे आले; महानदीवरील गंगरेल धरण १९७० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिल्यावर कारखान्याच्या पाण्याचा आणखी एक आधार तयार झाला. १९५७ साली उद्‌घाटन झालेल्या हिराकुडने त्याखालच्या सगळ्या नदीचा ऋतुक्रम बदलला होताच. १९९८ साली दुर्गजवळील बोरई औद्योगिक क्षेत्राच्या पाणीपुरवठ्यासाठी शिवनाथेचा तेवीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा पट्टा खासगी कराराखाली गेला, तेव्हा काठच्या गावांतील मासेमार व शेतकरी यांना नदीवर जाण्यास अटकाव झाल्यावरून देशभर वाद उठला. चिलिकेतील मासेमार त्याच काळात सरोवराच्या हक्कासाठी झगडत होते. एकाच जलप्रणालीच्या दोन टोकांवरच्या या दोन कलहांचा एकत्र विचार त्या वेळी फारसा झाला नाही.

तो विचार न्यायालयीन मार्गाने झाला, पण राज्यांच्या भांडणाच्या रूपात. छत्तीसगडने महानदी व तिच्या उपनद्यांवर बांधलेल्या बंधाऱ्यांमुळे पावसाळ्याव्यतिरिक्तच्या महिन्यांत हिराकुडमध्ये येणारे पाणी घटते, अशी ओडिशाची तक्रार असून, तिच्या निवारणासाठी मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने महानदी जलविवाद लवाद नेमला. खोऱ्याच्या एकूण क्षेत्रापैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग छत्तीसगडमध्ये आहे, आणि पिके, कारखाने व शहरे यांच्या गरजा तेथेही खऱ्या आहेत. तथापि चिलिकेच्या बाबतीत प्रश्न वर्षभराच्या एकूण पाण्याचा नसून ते कोणत्या महिन्यात येते याचा आहे : पावसाळ्यातील पूर मुखातील वाळू लोटून देतो आणि सरोवर गोडे करतो, उन्हाळ्यात ओघ संपला की खारे पाणी चढते, आणि या आवर्तनाला धरूनच मासे आत-बाहेर करतात. मासे जेथे जातात तेथे डॉल्फिन जातो, आणि डॉल्फिन जेथे जातो तेथे सातपड्याची नाव.

२०१७ नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशांवरून सरोवरातील बेकायदा घेऱ्या मोठ्या प्रमाणावर काढण्यात आल्या, तेव्हा हे प्रत्यक्ष दिसून आले. वर्षानुवर्षे मुख्यतः बाह्य प्रवाहमार्गात दाटलेले डॉल्फिन सरोवराच्या मध्य भागातही आढळू लागले, कारण मधल्या पाण्यातील जाळ्यांच्या भिंती हटल्या होत्या. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ किनारा ओलांडणाऱ्या फनी चक्रीवादळाने वाळूचा दांडा फोडून सरोवराला समुद्राची नवी तोंडे पाडली, खारेपणाचा हिशेब पुन्हा बदलला, आणि सातपड्यातील धक्के, नावा व छपरे यांची मोठी हानी झाली. पुढच्या हिवाळ्यात पुरीहून येणाऱ्या प्रवाशांसाठी दुरुस्त झालेल्या नावा पुन्हा निघाल्या. मुखाजवळची वाळू वादळाने सरकवल्यामुळे जुन्या खुणा निरुपयोगी ठरल्या होत्या, आणि पाणी कोठे किती खोल आहे हे नाविकांना बांबू टाकून नव्याने मोजावे लागत होते.